सिस्टीम फाईल बिघडल्यामुळे संगणक सुरू होत नसेल, तर फॉरमॅट मारण्याआधी काय करावे

मृगाच्या आधीचा वळवाचा पाऊस सुरू झाला की कोकण किनाऱ्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते. संध्याकाळी गडगडाट झाला, लाईट दोन-तीनदा गेली-आली, आणि सकाळी संगणक सुरू केला तर विंडोज उघडण्याऐवजी निळ्या किंवा काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर येऊन सारे तिथेच थांबले. अमुक एक फाईल सापडत नाही किंवा ती खराब झाली आहे, त्यामुळे विंडोज सुरू होऊ शकत नाही, असा त्या मजकुराचा आशय असतो. त्यावर मिळणारा पहिला सल्ला ‘फॉरमॅट मारून टाका’ हाच असतो. सल्ला देणाऱ्याचे काम त्याने लवकर उरकते; पण आंब्याच्या पेट्यांचा हंगामभराचा हिशेब, मच्छीमार सोसायटीच्या डिझेल परताव्याच्या नोंदी किंवा घरगुती खानावळीची बिले त्यात कायमची जातात. बिघडलेली फाईल बहुतेक वेळा दुरुस्त होते. मात्र त्याला एक क्रम आहे आणि तो मोडू नये: आधी आपला डेटा बाहेर काढावा, मग डिस्क आणि रॅम (काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी पट्टी) तपासावी, आणि त्यानंतरच फाईल दुरुस्त करायला घ्यावी.

या क्रमाचे कारण फाईल बिघडते कशी यात आहे. संगणक डिस्कवर लिहीत असताना वीज गेली तर ते लिहिणे अर्धवट राहते. विंडोजची एनटीएफएस ही मांडणी कोणती फाईल कोठे आहे याची नोंदवही जपून ठेवते, त्यामुळे फाईलचे नाव आणि जागा सहसा शाबूत राहतात. पण फाईलच्या आतला मजकूर पूर्ण लिहिला गेला की नाही याची हमी ती देत नाही. विंडोजचे अपडेट बसत असताना वीज गेली तर एकाच वेळी अनेक फाईली जुन्या-नव्याच्या मध्ये अडकतात. ही झाली विजेची बाजू. दुसरी शक्यता अशी की वीज निर्दोष आहे, पण डिस्कचा तो भागच वाचता येईनासा झाला आहे, किंवा रॅममध्ये दोष असल्यामुळे डिस्कवर जाणारा मजकूर वाटेतच बदलतो आहे. या दोन्ही प्रकारांत फाईल कितीही वेळा दुरुस्त केली तरी ती पुन्हा बिघडणार. म्हणून मूळ कारण शोधल्याशिवाय दुरुस्तीला हात घालणे व्यर्थ आहे.

पडद्यावरचा मजकूर नीट वाचावा

संगणक बंद करण्यापूर्वी पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. मजकुरातील फाईलचे नाव आणि सांकेतिक क्रमांक यांवरून पुढची दिशा ठरते. विंडोज सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाईली ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात, आणि प्रत्येक प्रकाराचा इलाज वेगळा आहे.

पहिल्या प्रकारात विंडोजच्या मूळ फाईली आणि मायक्रोसॉफ्टचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणाऱ्या फाईली, येतात. त्या एकाच आवृत्तीच्या सगळ्या संगणकांवर सारख्याच असतात, त्यामुळे एक बिघडली तर तिची चांगली प्रत दुसरीकडून आणता येते. दुसऱ्या प्रकारात संगणक सुरू होताना विंडोज कोठे आहे हे सांगणारी बीसीडी ही छोटी नोंद येते. ०एक्ससी००००००एफ या क्रमांकाचा रोख पुष्कळदा तिच्याकडे असतो, आणि ती नव्याने तयार करता येते. तिसरा प्रकार रजिस्ट्रीचा. सिस्टीम३२ या फोल्डरातील कॉन्फिग फोल्डरमध्ये सिस्टीम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट अशा नावांच्या फाईली असतात. त्यांत आपल्याच संगणकाची मांडणी, बसवलेली सॉफ्टवेअर आणि वापरकर्ते यांची माहिती असल्यामुळे त्यांची प्रत दुसऱ्या कोणत्याही संगणकावर मिळत नाही. मजकुरात ‘कॉन्फिग\सिस्टीम’ असे आले असेल किंवा क्रमांक ०एक्ससी००००१४सी असेल, तर प्रश्न या तिसऱ्या प्रकारचा आहे हे ओळखावे. ०एक्ससी०००००ई९ हा क्रमांक मात्र डिस्कशी संपर्कच नीट होत नसल्याचे सांगतो. तेथे फाईलचा विचार नंतर, आधी डिस्क आणि तिची केबल पाहावी.

दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत पोहोचणे

विंडोज १० आणि ११ मध्ये दुरुस्तीची साधने आतच दिलेली असतात. लागोपाठ दोनदा सुरू होण्यात अपयश आले की पुढच्या वेळी विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तो आपोआप आला नाही, तर कंपनीचे चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करावा आणि असे दोनदा केल्यावर तिसऱ्यांदा तो सुरू होऊ द्यावा. हा उपाय अगदीच गरज असेल तेव्हा करावा, कारण डिस्क आजारी असेल तर अशी बंद-चालू तिला मानवत नाही.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर तयार करणे. तो लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बहुतेक संगणकांवर ती एफ१२ असते, एचपीवर एफ९. भाषा निवडल्यानंतर ‘इन्स्टॉल’ हे मोठे बटण न दाबता संगणक दुरुस्त करण्याचा पर्याय निवडावा, मग ट्रबलशूट आणि प्रगत पर्याय. येथे ४८ अंकी किल्ली मागितली गेली तर डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप आहे असे समजावे. ती किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते आणि मोबाईलवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. किल्लीशिवाय पुढची कोणतीही कृती शक्य नाही.

आधी डेटा बाहेर

प्रगत पर्यायांतून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि त्या काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे. साधे नोटपॅड उघडेल. त्यातील फाईल मेनूतून ‘ओपन’ निवडले की जी छोटी खिडकी उघडते, तीत डिस्कवरील सगळे फोल्डर दिसतात. खालच्या बाजूस फाईलच्या प्रकारात ‘सर्व फाईली’ निवडले की मजकुराच्या फाईलींखेरीज बाकीच्याही दिसू लागतात. या खिडकीत फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘कॉपी’ आणि यूएसबी डिस्कवर जाऊन ‘पेस्ट’ करता येते. प्रगतीची पट्टी येथे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, आणि नेमका येथेच अनेकांचा धीर सुटतो. यूएसबी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. ते पूर्ण होऊ द्यावे. एकदम सगळे न उचलता एकेक फोल्डर घ्यावा, म्हणजे मध्येच एखादी फाईल वाचता आली नाही तर ती कोणती हे कळते.

याच खिडकीत आणखी एक गोष्ट पाहून कागदावर लिहून ठेवावी. दुरुस्तीच्या पडद्यात डिस्कची अक्षरे बदललेली असू शकतात आणि एरवीचा सी हा भाग येथे डी या नावाने दिसू शकतो. ज्या भागात ‘विंडोज’ आणि ‘यूझर्स’ हे दोन्ही फोल्डर आहेत, तोच आपला भाग. एक्स हे अक्षर दिसले तर तो दुरुस्तीच्या साधनांचा तात्पुरता भाग आहे. त्याला हात लावू नये. पुढील आज्ञांत मी डी हे अक्षर धरले आहे.

काय उचलावे? यूझर्समधील आपल्या नावाच्या फोल्डरात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स आणि छायाचित्रे असतात, तो फोल्डर पूर्ण घ्यावा. टॅली वापरत असाल तर तिचा ‘डेटा’ हा फोल्डर शोधून घ्यावा. त्यात प्रत्येक कंपनीसाठी आकडी नावाचा एक फोल्डर असतो. आपल्याकडे जी वस्तू हटकून विसरली जाते ती म्हणजे जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी किंवा आयएसएम वापरून युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेली ठरावांची पुस्तके, सोसायटीची इतिवृत्ते, पत्रिका यांचा मजकूर तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. म्हणून विंडोज फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ हा फोल्डरही अवश्य कॉपी करावा. जागा फारशी लागत नाही आणि पुढचा मोठा मनस्ताप वाचतो.

डिस्क आणि रॅम

कॉपी करताना डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, छोटी फाईलही मिनिटेच्या मिनिटे अडकत असेल, किंवा सुरुवातीलाच बायोसने (विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रणालीने) स्मार्ट या डिस्कच्या प्रकृतीच्या तपासणीत ती नापास झाल्याचा इशारा दिला असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून नवी डिस्क आणावी. अशा डिस्कवर तपासणीची आज्ञा चालवणेसुद्धा धोक्याचे आहे, कारण ती प्रत्येक कोपरा वाचायला लावते आणि उरलीसुरली डिस्कही बसते. डेटा आधी काढण्याचा आग्रह मी धरतो तो याच कारणासाठी.

खाऱ्या, दमट हवेचा परिणाम किनाऱ्यालगतच्या घरांत आणि दुकानांत स्पष्ट दिसतो. मालवण-वेंगुर्ल्यापासून हर्णै-श्रीवर्धनपर्यंत कोठेही बंदराजवळचा संगणक उघडला तर कॅबिनेटच्या स्क्रूंवर गंज आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट किंवा हिरवट थर आढळणे नवलाचे नाही. संगणकाची पिन काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून आतील उरलेली वीज उतरू द्यावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून घ्यावा आणि मग रॅमच्या दोन्ही बाजूंच्या कड्या दाबून ती बाहेर काढावी. सोनेरी पट्ट्यांवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, त्याचा चुरा कोरड्या मऊ ब्रशने झाडावा आणि रॅम ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. डिस्कची केबलही काढून घट्ट लावावी. त्यानंतर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घेऊन रॅमची तपासणी करावी. एकही चूक निघाली तर ती रॅम बदलावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दोषी कोणती ते ठरवावे. लॅपटॉप स्वतः उघडण्याचा सराव नसेल तर एवढे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

(पुराचे पाणी शिरलेला संगणक हा वेगळा विषय आहे. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ रोजी आला तसा पूर घरात आल्यानंतर संगणक चालू होतो का हे पाहण्यासाठी पिन लावणे सर्वांत घातक ठरते. तो न लावता तसाच दुरुस्तीला न्यावा.)

फाईलची दुरुस्ती

प्रथम ‘स्टार्टअप रिपेअर’ हा तयार पर्याय चालवून पाहावा. त्याने काम झाले नाही तरी तो एक अहवाल मागे ठेवतो, आणि तो फार कमी जण वाचतात. नोटपॅडमधून विंडोज, सिस्टीम३२, लॉगफाईल्स, एसआरटी अशा क्रमाने जाऊन ‘एसआरटीट्रेल’ ही फाईल उघडावी. तिच्या शेवटाकडे मूळ कारण म्हणून कोणती फाईल खराब आहे हे पुष्कळदा तिच्या पूर्ण पत्त्यासह लिहिलेले असते.

पुढच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत लिहाव्यात. लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, मोकळ्या जागेने मात्र पडतो. ‘डिर’ म्हणजे डी, आय, आर ही तीन अक्षरे. आधी डिस्कची मांडणी सरळ करावी:

सीएचकेडीएसके डी: /एफ

डिस्क निरोगी असल्याची खात्री असेल आणि हाताशी वेळ असेल तरच ‘/एफ’च्या जागी ‘/आर’ वापरावे. त्यात सगळी डिस्क वाचली जाते आणि मोठ्या हार्ड डिस्कला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ वीज टिकेल याची तजवीज असावी. त्यानंतर पहिल्या प्रकारच्या फाईलींसाठी:

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज

ही आज्ञा विंडोजच्या मूळ फाईली एकेक करून तपासते आणि बिघडलेल्यांच्या जागी विंडोजने स्वतःकडे राखून ठेवलेल्या प्रती बसवते. कधी कधी ती काम करण्यास नकार देते आणि आधीची एक दुरुस्ती अपुरी असल्याचे सांगते. अपडेट बसताना वीज गेली असेल तेव्हा हे हमखास घडते. तेव्हा अडकलेले अपडेट मागे घ्यावे:

डीआयएसएम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स

आणि संगणक पुन्हा सुरू करावा. वादळी रात्रीनंतर बंद पडलेल्या संगणकांवर या एका आज्ञेइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचाही झालेला नाही. प्रगत पर्यायांत अपडेट काढून टाकण्याचा स्वतंत्र पर्यायही आहे. आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी आधी तो वापरून पाहण्यास हरकत नाही.

राखून ठेवलेल्या प्रतीच खराब असतील तर एसएफसी काही फाईली दुरुस्त करता आल्या नाहीत असे सांगते. तेव्हा डीआयएसएमची रिस्टोअरहेल्थ ही आज्ञा पेन ड्राइव्हवरील इन्स्टॉल या मोठ्या फाईलचा पत्ता देऊन चालवावी लागते. पेन ड्राइव्हवरील विंडोजची आवृत्ती आणि होम की प्रो हा प्रकार आपल्या संगणकाशी जुळला पाहिजे, ही अट कटाक्षाने पाळावी.

अहवालात दिसलेली फाईल मायक्रोसॉफ्टची नसून एखाद्या अँटिव्हायरसची किंवा जुन्या उपकरणाच्या ड्रायव्हरची असेल, तर एसएफसी तिला हातही लावत नाही. तेथे ती फाईल बाजूला करणे हाच इलाज असतो. नोटपॅडच्या त्याच खिडकीत तिचे नाव बदलावे, पुसू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राऊडस्ट्राईक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल जगभर पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्या दिवशीचा उपायही ड्रायव्हर्सच्या फोल्डरात जाऊन तेवढी एक फाईल काढणे हाच होता. कोणालाही संगणक फॉरमॅट करावा लागला नसता.

दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे बीसीडीसाठी, नव्या संगणकांवर ‘बूटरेक /फिक्सबूट’ ही जुनी आज्ञा पुष्कळदा परवानगी नाकारल्याचा संदेश देऊन थांबते. त्यावर वेळ घालवू नये. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिस्कपार्ट’ ही आज्ञा देऊन ‘लिस्ट व्हॉल्यूम’ने यादी पाहावी, डिस्कवरचा फॅट३२ मांडणीचा सुमारे १०० ते ३०० एमबीचा छोटा भाग निवडून त्याला एस हे अक्षर द्यावे आणि बाहेर येऊन ही आज्ञा द्यावी:

बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

रजिस्ट्रीच्या बाबतीत एक इशारा

तिसऱ्या प्रकारात एसएफसीचा काही उपयोग नाही, कारण रजिस्ट्रीच्या फाईली ती तपासतच नाही. येथे पहिला उपाय ‘सिस्टीम रिस्टोअर’. बिघाडाच्या आधीच्या तारखेचा बिंदू, म्हणजे विंडोजने त्या दिवशी जपलेली स्वतःच्या स्थितीची नोंद, उपलब्ध असेल तर तो निवडावा. रजिस्ट्री त्या दिवसाच्या स्थितीत जाते आणि आपली कागदपत्रे जशीच्या तशी राहतात.

असा बिंदू नसेल तेव्हा कॉन्फिगमधील ‘रेगबॅक’ या फोल्डरातून जुन्या प्रती उचलून त्या मूळ फाईलींवर बसवाव्यात, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. विंडोज ७ च्या काळात तो सल्ला योग्य होता. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने या प्रती ठेवणे बंद केले आहे. फोल्डरमध्ये नावे दिसतात, पण फाईलींचा आकार शून्य असतो. त्या रिकाम्या फाईली चांगल्यांवर बसवल्या तर होती तेवढीही रजिस्ट्री जाते. म्हणून आकार पाहिल्याशिवाय आणि कॉन्फिग हा फोल्डर पूर्णपणे दुसरीकडे कॉपी केल्याशिवाय येथे एकही फाईल बदलू नये.

कशानेच काम झाले नाही तर ‘रिसेट’मधील स्वतःच्या फाईली राखण्याचा पर्याय निवडावा. त्यात बाहेरून बसवलेली सॉफ्टवेअर जातात आणि जुने फॉन्टही नव्याने बसवावे लागतात; पण फॉन्टांची प्रत आपण आधीच काढून ठेवलेली आहे.

विंडोज उघडल्यानंतर

संगणक सुरू झाला की लगेच कामाला बसू नये. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून इंटरनेट चालू असताना ‘डीआयएसएम /ऑनलाईन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ ही आज्ञा चालवावी आणि त्यापाठोपाठ साधी ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ द्यावी. दोन्ही निर्दोष आल्या की सिस्टीम प्रोटेक्शन चालू करून रिस्टोअरचा एक बिंदू तयार करावा, कारण अनेक संगणकांवर ही सोय बंदच असते. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे; ज्यांचा संगणक ११ साठी पात्र आहे, त्यांनी डेटा बाहेर काढलेला असतानाच ते बदलून घ्यावे.

विजेची व्यवस्था पावसाळ्यापूर्वी पाहावी. यूपीएसचा उपयोग तासभर काम रेटण्यासाठी नाही, संगणक रीतसर बंद करण्यासाठी आहे, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. पिन काढून तो किती मिनिटे टिकतो हे मे महिन्यात पाहून ठेवावे. जांभ्या दगडाच्या कातळावर बांधलेल्या घरांत अर्थिंग उन्हाळ्यात कमकुवत होते, कारण कोरडा जांभा वीज जमिनीत सहजपणे उतरू देत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि वीजतंत्र्याकडून ते एकदा मोजून घ्यावे. गडगडाट ऐकू येताच संगणकाची पिन आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढावीत, कारण दूर पडलेल्या विजेचा झटका तांब्याच्या केबलमधूनही आत येतो. दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह आणि डेटाची डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि तिच्यावर नवी प्रत दर आठवड्याला घेतल्यानंतर ती संगणकाला लावून ठेवू नये.